माझ्या चौकोनात बघायचं नाही

"हात काढा," मी म्हटलं.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

आमच्या मध्ये एक टीव्ही होता. जुना, काचेचा, पाठीमागे भलंमोठं पोट सुटलेला. जुन्या सामानाच्या त्या दुकानात, मोडक्या कपाटांच्या आणि बिनझाकणाच्या मिक्सरच्या पलीकडे तो एकटाच बसला होता, लग्नात कुणी न विचारलेल्या काकांसारखा. आणि आता अचानक त्याच्या डोक्यावर दोन हात. एक माझा, दुसरा एका अनोळखी माणसाचा.

मी आधी हात बघितला. सवयच तशी. माझं काम ऑडिटचं. लोकांच्या ऑफिसात जाऊन बसायचं, त्यांचा चहा प्यायचा आणि ते जे दाखवत नाहीत ते बघायचं. तर हात असा होता: नखांच्या कडेला निळा रंग, अंगठ्यावर गंजासारखा तांबडा, मनगटावर थोडं सोनेरी. घरं रंगवणारा असता तर रंग एका जातीचे असते. हा गृहस्थ काहीतरी वेगळं रंगवत होता.

मग चेहरा बघितला… आणि जरा जास्तच वेळ बघितला. ते असो.

"तुम्हाला कशाला हवाय?" त्याने विचारलं.

"गेम खेळायला. तुम्हाला?"

"फोडायला."

मी दुसराही हात टीव्हीवर ठेवला.

"म्हणजे तसा फोडायला नाही हो," तो घाईघाईने म्हणाला. "मी नाटकांचं नेपथ्य करतो. दुसऱ्या अंकात एक नट टीव्हीत डोकं घालून बातम्या देतो. आतलं सगळं काढायचं, काच काढायची, नुसतं खोकं ठेवायचं."

"मग पुठ्ठ्याचा बनवा की!"

यावर तो असा दुखावला, जणू मी त्याच्या आईच्या आमटीला नावं ठेवली. "पुठ्ठ्याचा पुठ्ठ्याचाच दिसतो. हा पिवळेपणा बघा. ही झिजलेली कड बघा. कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं बसल्याशिवाय हे येत नाही. ब्रशने तर नाहीच नाही."

दुकानदार काका स्टुलावरून ओरडले, "चालतो का ते तरी बघा आधी! भांडताय कशाला फुकट?"

त्यांनी वायर लावली. मी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, पण आतून एक बारीक शिट्टी निघाली… सुईच्या टोकासारखी, कानाच्या अगदी आतल्या बाजूला टोचणारी. लहानपणी शाळेतून येताना जिन्यातच मला ती ऐकू यायची आणि कळायचं, दादाने टीव्ही लावलाय, आई घरात नाही!

"ऐकलंत?" मी एकदम म्हटलं.

"हो!" तोही एकदम.

"काय ऐकलं?" काका म्हणाले. "मला तर काही नाही ऐकू आलं."

"शिट्टी," आम्ही दोघं म्हणालो.

काकांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि वय झालेली माणसं तरुणांकडे बघून हसतात तसं हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही. म्हणजे, आवडलं, पण तेव्हा कबूल केलं नाही.

पडदा हळूहळू उजळला. मी काचेजवळ हात नेला, आम्ही लहानपणी न्यायचो तसा, आणि हातावरची लव उभी राहिली. चट् चट् असा बारीक आवाज. त्याने माझं बघून आपला हात नेला. त्याचीही लव उभी. दोन हात काचेसमोर, मध्ये बोटभर अंतर… आणि शपथेवर सांगते, टीव्ही बंद असता तरी माझ्या हातावरची लव उभीच राहिली असती.

"रविवारी आमच्याकडे मॅच आहे," मी म्हटलं. "तेवढी होऊ दे. मग न्या आणि काय फोडायचं ते फोडा."

"चालेल. पण रविवारी मी तिथे हजर राहणार."

"का? आमच्यावर विश्वास नाही?"

"टीव्हीवर आहे," तो म्हणाला. "तुमचं अजून बघायचंय."

घ्या! पहिल्याच भेटीत उधारी.

टेम्पोत टीव्ही चढवेपर्यंत पाऊस भुरभुरायला लागला. त्याने अंगातलं जाकीट काढून टीव्हीवर घातलं. मी माझी छत्रीही टीव्हीवरच धरली. घरी पोचलो तेव्हा टीव्ही कोरडा ठणठणीत होता आणि आम्ही दोघं टपटप गळत होतो. दार वहिनीने उघडलं. तिने आधी टीव्ही बघितला, मग त्याला बघितलं, मग मला.

"टॉवेल दोन आणू की एकच पुरेल?" ती म्हणाली.

वहिनीचं हे असं आहे.

*

आता त्या गेमबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढं काय!

आजकालच्या पोरांना सांगितलं तर हसतील. बंदूकवाला गेम. आपण आपल्याला दिसत नाही. दिसतो तो पुढे आलेला हात आणि त्यातली बंदूक. माणसांची डोकी चौकोनी, चेहरे त्यावर कागद चिकटवल्यासारखे, हात म्हणजे पावाचे तुकडे. धावताना गुडघे वाकायचे नाहीत. तरीपण पहिल्यांदा ते लोखंडी दार सरकून उघडलं आणि पलीकडचा लांबलचक बोळ दिसला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास धरला होता. त्या बोळात आपण आहोत, असं वाटलं होतं. टीव्हीत बघणं वेगळं आणि टीव्हीत शिरणं वेगळं.

खरी गंमत चौघांत. एकच पडदा, त्याचे चार चौकोन, प्रत्येकाला एक. वायरी आखूड, त्यामुळे चौघं जमिनीवर खांद्याला खांदा लावून. कुणी उजवीकडे वळलं की अख्खी रांग उजवीकडे कलायची. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकर मारण्याचा मान दादाचा, कारण तो थोरला. आणि घरात एकच कायदा: दुसऱ्याच्या चौकोनात बघायचं नाही. दुसऱ्याचा चौकोन बघितला की तो कुठे लपलाय ते कळतं, म्हणजे ती सरळसरळ चोरी. आमचा आत्तेभाऊ बोक्या या गुन्ह्यात कितीदा तरी सापडला. बोक्या हे नाव त्यावरूनच पडलं. मी मात्र एकदाही बघितलं नाही. कधीच नाही. माझा तो अभिमान होता. मला घरात ठकू म्हणतात, पण ठकवाठकवी मी कधी केली नाही.

पुढे सगळे मोठे झाले, नोकऱ्या लागल्या, दादाचं लग्न झालं. तरी वर्षातून एकदा मॅच ठरलेली. गेल्या वर्षी आमचा जुना टीव्ही फट् करून गेला, म्हणून दादाच्या नव्या सपाट टीव्हीवर खेळून बघितलं. वायर जोडायलाच निम्मा दिवस गेला, आणि जोडल्यावर सगळं उशिरा! बटण दाबलं आता, गोळी सुटली मग. दादा म्हणाला, "हे पत्राने भांडल्यासारखं झालं." मॅच अर्ध्यावर सोडली.

आणि या वर्षी दादाची बदली झाली होती. लांब. महिनाअखेरीस तो आणि वहिनी जाणार, घरात मी एकटी. कुणी बोलत नव्हतं, पण खोक्यांत भांडी भरली जात होती. माझा हिशेब साधा होता. टीव्ही असला तर मॅच होईल. मॅच असली तर दादा येईल. "सहज ये" म्हटलं तर तो कामं सांगेल. "मॅच आहे" म्हटलं तर विमानाने येईल. म्हणून मला तो टीव्ही एका रविवारपुरता नको होता, कायमचा हवा होता. नेपथ्यवाल्याला रविवारी गोड बोलून कसं पटवायचं, याचा बेत मी टॉवेलने केस पुसता पुसताच केला होता.

*

रविवारी दुपारी तो आला. केस नीट विंचरलेले, नखं घासलेली. निळा मात्र गेला नव्हता.

चौथी जागा रिकामीच होती. आमचा चौथा गडी शेजारचा, तो नोकरीसाठी परदेशी गेलेला. वहिनी खेळत नाही. पडदा गरगरला की तिला मळमळतं. ती आमच्या मागे खुर्चीत बसून शेंगा सोलते आणि शेरे मारते.

"बसा की तुम्ही," दादा त्याला म्हणाला.

"मला येत नाही."

"आम्हालाही येत नाही," बोक्या म्हणाला. "ठकूला येतं. आम्ही मरायला बसतो."

तो माझ्या शेजारी बसला. जागा कमी, खांद्याला खांदा. दादाने फुंकर मारली, कॅसेट बसली, शिट्टी वाजली, आणि पडदा चार चौकोनांत फुटला.

बापरे, काय खेळायचा तो! खेळायचा म्हणजे खेळायचाच नाही. त्याचा गडी छताकडे बघत चालायचा. भिंतीला नाक लावून उभा राहायचा. एकदा आम्ही तिघं एकमेकांच्या जिवावर उठलो होतो आणि हा एका पेटीसमोर थांबून म्हणाला, "हा गंज बघा… कुणीतरी बसून रंगवलाय. एवढ्याशा जागेत! आणि ते दार उघडत नाही, ते नुसतं चित्र आहे."

"तुम्ही मेलात," मी म्हटलं.

"हो का? पण छत सुंदर आहे."

मी हसले. मारताना हसायचं नसतं, नेम चुकतो. माझा चुकला नाही, ही गोष्ट वेगळी.

थोड्या वेळाने बोक्या उसळला. "दादा! हा चोरी करतोय! मघापासून बघतोय मी, हा ठकूच्या चौकोनात बघतो!"

"तू कसा बघितलास?" वहिनी मागून म्हणाली. "तुझं लक्ष कुठे होतं?"

पण गुन्हा गंभीर होता. दादाने खेळ थांबवला आणि आरोपीकडे वळला. "बघत होतात?"

"हो," तो शांतपणे म्हणाला. "बघायचं नसतं का? मला कुणी सांगितलं नाही."

त्याचे कान मात्र लाल झाले होते. मी बघितलं. कानांना चौकोनांचा कायदा लागू नसतो.

नवखा म्हणून माफी मिळाली. मी चहा टाकायला आत गेले, तशी वहिनी मागोमाग आली.

"काय गं ऑडिटवाली," ती कपबशा काढता काढता हळूच म्हणाली, "चोरी माणूस कशासाठी करतो?"

"फायद्यासाठी."

"मग याला काय फायदा झाला? तू कुठे आहेस ते सगळं बघूनही तुझ्याच हातून मरतोय. एकदा तरी त्याने तुला मारलं?"

मी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली.

"तुम्ही चौघं पडदा बघता," वहिनी म्हणाली. "मी मागे बसते, मी तुम्हाला बघते. तो तुझा चौकोन बघतो हे बोक्याला दिसलं. मधूनमधून चौकोनाची मालकीणही बघतो, ते फक्त मला दिसलं. चहा उतू जातोय."

चहा खरंच उतू गेला. अख्ख्या जगाचे ताळेबंद तपासणारी मी, आणि माझ्याच घरातली ही नोंद माझ्या नजरेतून सुटली होती.

बाहेर आले तर बोक्याने नवं पिल्लू सोडलेलं. "शेवटचा डाव! नेपथ्यवाल्यांनी ठकूला एकदा, फक्त एकदा मारलं, तर टीव्ही त्यांचा. नाही मारलं तर टीव्ही इथेच!"

दुपारभर गोड बोलायची वाट बघत होते, आणि हा तर आयता घास!

"मला मंजूर," मी म्हटलं.

"मलाही," तो लगेच म्हणाला. एक क्षणही न थांबता. जिंकायची काडीचीही आशा नसलेला माणूस एवढा खुशीत का, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात टीव्ही, आणि टीव्हीच्या बाजूला वहिनीने म्हटलेली ती 'चौकोनाची मालकीण'.

डाव सुरू झाला. दादा पहिल्याच वळणावर आपटला, बोक्याला मी जिन्यात गाठलं. मी पेट्यांच्या मागे दबा धरून बसले. डोळे माझ्याच चौकोनात. समोरचा बोळ रिकामा. कुठे गेला हा? छत बघतोय? गंज बघतोय? सगळे श्वास धरून. शेजारच्या खांद्याची ऊब लागत होती, आणि तो खांदा जराही हलत नव्हता…

आणि मी ते केलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते. मी त्याच्या चौकोनात बघितलं.

तिथे मी होते.

माझी पाठ. पेट्यांच्या मागे वाकून बसलेली, चौकोनी डोक्याची, पावाच्या हातांची मी… अगदी मधोमध. इतकी वर्षं हा गेम खेळले, पण स्वतःला कधी बघितलं नव्हतं. या गेममध्ये आपण आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्याच्या चौकोनात डोकावलं तरच दिसतो. तो माझ्या मागे दोन पावलांवर उभा होता. किती वेळ, कोण जाणे. बंदूक रोखलेली. आणि मारत नव्हता.

माझा पारा चढला. "मारा ना!"

"अं?"

"मागे उभे आहात, दिसतंय मला! दया दाखवताय? मला कुणी सोडलेला डाव नको. मारा!"

"तू बघितलंस?" बोक्या किंचाळला. "ठकूने बघितलं! दादा, ठकूने चोरी केली!"

"गप रे! मारा तुम्ही!"

त्याने कंट्रोलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "कुठल्या बटणाने?"

"काय?"

"सगळी दाबून बघितली. एकाने बंदूक बदलते, एकाने दार उघडतं. गोळी कशानेच सुटत नाही. मला वाटलं, पाहुण्याच्या बंदुकीत गोळ्या देत नसतील."

मला एकदम उलगडा झाला. तो कंट्रोलर तीन दांड्यांचा, आणि गोळीचं बटण मधल्या दांडीच्या खाली, पोटाला. वरून दिसतच नाही. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. म्हणजे दुपारभर हा माणूस बिनगोळीचा फिरत होता! छत बघत, गंज बघत, मरत, आणि एक शब्द तक्रार नाही!

"अहो, खाली असतं ते! खालून! असं…" मी त्याचा हात धरला, त्याचं बोट दांडीखाली नेलं आणि दाबलं. दाखवायला.

धाड्!

माझा चौकोन लालभडक झाला, आणि वरून रक्ताचा पडदा सरसर खाली आला.

माझा हात त्याच्या हातावर तसाच. माझ्याच बोटाखाली त्याचं बोट, आणि त्याच्या बोटाखाली ते बटण.

"मारलं," बोक्या म्हणाला. "टीव्ही गेला."

"हे नाही धरायचं," तो गडबडीने म्हणाला. "हे मी नाही केलं. टीव्ही राहू दे."

मी हात काढून घेतला. खरं सांगायचं तर, आधी टीव्हीचं दुःख झालं की आधी हात काढल्याचं, ते आजही सांगता येणार नाही. "आमच्या घरात पैज पाळतात," मी म्हटलं. "न्या."

"अगं पण ऐक तरी—"

'अगं' म्हणाला. दोघांनीही ऐकलं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी टेम्पो आला. या वेळी पाऊस नव्हता, तरी मी छत्री घेऊन फाटकापर्यंत गेले. का, ते विचारू नका.

*

तो आठवडा काही मला गोड गेला नाही. एका कारखान्याचं ऑडिट चाललं होतं, तिथल्या मॅनेजरने केलेली लबाडी मी इतक्या निर्दयपणे उकरली, की तो बिचारा म्हणाला, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" घरी बैठकीत टीव्हीच्या जागी खोकी रचली होती. दादा जाता-येता त्या कोपऱ्याकडे बघायचा. वहिनी मात्र खुशीत होती. फोनवर कुणाशी तरी कुजबुजायची, मी आले की भाजीचं बोलायला लागायची.

शनिवारी नाटकाचा पहिला प्रयोग. चार पास घरपोच आले. मी येत नाही म्हटलं. वहिनी म्हणाली, "येतेस." विषय संपला.

पहिला अंक कसा होता, मला विचारू नका. दुसरा सुरू झाला, उजेड पडला, आणि रंगमंचावर तो दिसला. पोट सुटलेला, पिवळा पडलेला, कड झिजलेली. काच नाही. आत एका नटाचं डोकं, बातम्या देत होतं. सगळं प्रेक्षागृह हसत होतं, माझ्याखेरीज. म्हणजे फोडला. काढलं आतलं सगळं. बरोबरच आहे म्हणा, पैज म्हणजे पैज… पण थोडं वाटलं होतं. थोडंसं.

पडदा पडल्यावर वहिनी म्हणाली, "आत जाऊन अभिनंदन करून ये. माणसाने हरल्यावरही रीत सोडू नये." तिच्या हातात नेहमीची ती मोठी पिशवी होती, ती मला आता रिकामी वाटली. येताना तर खांदा वाकला होता तिचा.

मी विंगेतून मागे गेले. दोर, पायऱ्या, अर्धवट रंगवलेल्या भिंती, ओल्या रंगाचा वास. नट एकमेकांना मिठ्या मारत होते. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते: 'छान झालं' म्हणायचं आणि निघायचं. तेवढ्यात…

शिट्टी.

बारीक. सुईच्या टोकाएवढी.

मी थांबले. शेजारून दुकानदार काकांच्या वयाच्या रंगभूषावाल्या बाई गेल्या, त्यांना मी विचारलं, "शिट्टी ऐकू येते?" त्या म्हणाल्या, "कसली शिट्टी?" आणि मी धावत सुटले! बोळ, वळण, पुन्हा बोळ, एक लोखंडी दार. ते सरकवलं.

आत त्याची रंगकामाची खोली. भिंतीला टेकून, काचेसकट, पोटासकट, जिवंत, निळा उजेड पाडत बसलेला आमचा टीव्ही. त्याच्यासमोर आमच्याच गेमचं मशीन, वायरी जोडलेल्या. आणि रंगाच्या डब्यावर बसलेला तो. डोळ्यांखाली जागरण, हात कोपरापर्यंत पिवळे.

"मग तिकडे… ते काय होतं?" मला धाप लागली होती.

"पुठ्ठा."

"पुठ्ठ्याचा पुठ्ठ्याचाच दिसतो म्हणाला होतास!"

"दिसला का?"

"नाही," मी म्हटलं. "मला रडू येत होतं."

तो हसला. "दिग्दर्शक शेवटपर्यंत खराच मागत होता. दोनदा परत पाठवला त्याने. तिसऱ्यांदा त्याने बातम्या लावायला बटण शोधलं, तेव्हा कळलं, जमलं. त्याआधी तुला कसं सांगणार? जमला नसता तर?"

"आणि पैज? पैजेला का तयार झालास तू?"

"हरायला!" तो उठून उभा राहिला. "मला गोळी झाडता येत नव्हती, मी हरणारच होतो. वहिनींनी दादांच्या बदलीचं सांगितलं होतं ना, रविवारी दार उघडतानाच. टीव्ही तुझ्याकडे ठेवायची आयती सोय झाली होती. आणि तू काय केलंस? स्वतःच्या हाताने मला जिंकवलंस!"

माझ्या अख्ख्या नोकरीत एवढी मोठी चूक मी कुणाच्या कागदात बघितली नव्हती.

"बस," त्याने दुसरा डबा पुढे सरकवला. "एक डाव. आता मला बटण माहीत आहे."

दोघांतच डाव, म्हणून पडद्याचे दोनच भाग. वर मी, खाली तो. तेच गोदाम, त्याच पेट्या. खांद्याला खांदा. मी पेट्यांमागे शिरले. बोळ रिकामा. खांदा हलेना. मी कायदा वगैरे काही बघितलं नाही, सरळ त्याच्या भागात डोकावले.

मधोमध, माझी पाठ.

"आता का नाही मारत?" मी विचारलं.

"काही विचारायचं होतं."

"मागून?"

"तू वळतेस कुठे!"

मी वळले. दांडीवरचा अंगठा हलवला, पेट्या सरकल्या, भिंत सरकली, आणि माझ्या भागात तो आला. चौकोनी डोकं, कागदी चेहरा, पावाचे हात. वरच्या भागात तो माझ्यासमोर, खालच्या भागात मी त्याच्यासमोर. पडद्यावर दुसरं काहीच नाही.

"दादा-वहिनी गेल्यावर," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅचला एक गडी कमी पडेल. बोक्या चोरी करतो, त्याचा भरवसा नाही. मी म्हणत होतो… वर्षातून एकदाच का? मी रोज आलो तर? म्हणजे आत्ता रोज, आणि मग… कायमचाच?" त्याचे कान लाल झाले. "छत सुंदर आहे तुमच्या घराचं."

माझ्या हातावरची लव उभी राहिली. काच तर हातभर लांब होती.

"हो," मी म्हटलं.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो!"

तो माझ्याकडे वळला. पडद्यावरून नजर काढून, पूर्ण, दोन्ही डोळ्यांनी. कंट्रोलर मांडीवर ठेवला. असा हसला, की बाहेरच्या सगळ्या दिव्यांची गरज संपली.

मी खालून बटण दाबलं.

धाड्!

"अगं!" तो ओरडला. त्याच्या भागात लाल पडदा सरसर उतरत होता. "हो म्हणालीस ना?"

"म्हणाले ना. ते वेगळं आणि मॅच वेगळी."

दाराबाहेर कुणीतरी फुसकन हसलं, आणि वहिनीचा आवाज आला, "बोक्या, मागे हो. दुसऱ्याच्या चौकोनात बघायचं नसतं."